खाऱ्या पाण्यातली तुरटी

दिगू, टाकीतलं पाणी चार बोटं खाली गेलंय.

तुला जाऊन सतरा दिवस झाले. तेराव्यापर्यंत घरात माणसांचा राबता होता, टाकीकडे कुणाचं लक्ष नव्हतं. परवा शेवटचे पाहुणे गेले, रेखानं सतरंज्या झाडल्या आणि जिन्यातून मला हाक मारली, "ताई, ह्याचं पाणी उतरलंया. काय करायचं असतंय?" तुझ्या बायकोला माहीत नाही, तुझ्या बहिणीला माहीत नाही. ज्याला माहीत होतं तो भिंतीवर फ्रेममध्ये बसलाय, आणि त्या फ्रेमचा एक कोपरा उघडा आहे. जन्मभर तू या शहराच्या फोटोंना काचा बसवल्यास. तुझ्या स्वतःच्या फोटोची फ्रेम मात्र पलीकडच्या दुकानातून आणावी लागली. त्या दुकानदाराला कोपरे जुळवता येत नाहीत, हे तूच मला शंभरदा सांगितलं होतंस. आता रोज जाता-येता माझी नजर त्या फटीवर जाते.

लोक भेटायला येतात आणि रडतात. मला रडू येत नाही, राग येतो. "फार शांत माणूस होता," असं कुणीतरी म्हणालं, तेव्हा मी उठून आत गेले. तू शांत नव्हतास. तू हट्टी होतास, आणि हट्टी माणूस गप्प बसला की लोकांना तो शांत वाटतो. मी तुझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, मला हे सांगायची गरज नाही. देवगाव रंगारीला तू पाचवीत असताना विहिरीत पडलेलं मांजर काढायला उतरला होतास आणि ते वर येईपर्यंत स्वतःही वर आला नव्हतास. अण्णांनी मारलं तरी तुझं एकच, "त्ये भ्यालं व्हतं." तोच तू पंचावन्नाव्या वर्षी समुद्र बघून आलास आणि म्हणालास, घरात समुद्र करायचाय.

दोष गौरीचा. तुझ्या लेकीनं तुला हौसेनं कोकणात नेलं. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तू पाण्यात उभा आहेस, असा फोटो तिनं पाठवला होता. तिथून आल्यावर आठ दिवस तू जेवताना दुसरं काही बोलला नाहीस. मग दुकानातली सगळ्यात जाड काच काढलीस, स्वतः कापलीस, कडा घासल्यास, आणि चार फुटांची टाकी खालच्या खोलीत जोडलीस. ती गळते का बघायला साध्या पाण्यानं काठोकाठ भरलीस, तेव्हा आपलं पहिलं भांडण झालं. नळाला आठव्या दिवशी पाणी येतं, दिगू. आठव्या दिवशी, तेही पाऊण तास. गल्लीतल्या बायका कळशीकळशीवरून एकमेकींशी बोलायच्या बंद होतात, आणि तू अडीचशे लिटर पाण्यात मीठ कालवणार होतास. "समुद्र पाहिजे तर समुद्राकाठी जाऊन राहा," मी म्हणाले. तू हसलास. "ताई, तुझ्या वाटणीचं नाय घेत. टँकरचं घेतो."

मग ते आरओचं मशीन आलं. एक बादली चांगलं पाणी गाळायला तीन बादल्या वाया जाणार, हे तू मला आधी सांगितलं नव्हतंस. मी पाइपाखाली बादल्या मोजल्या तेव्हा कळलं. तेव्हाही भांडलो. रेखा बिचारी ते वाया गेलेलं पाणी भांड्यांना, फरशीला वापरायची आणि आपल्या दोघांच्या मधून बादली घेऊन जाताना म्हणायची, "सरका जरा, मंग भांडा."

त्या दिवसांत मी तुझ्याशी जे काही बोलले ते सगळं बरोबर होतं असं मला अजून वाटतं. फक्त बोलताना जेवढा जोर होता, तेवढा नंतर राहिला नाही.

अन्वरभाई मात्र खूश होता. शाळेपासूनचा तुझा दोस्त, औरंगपुऱ्याच्या मागच्या गल्लीत शोभेच्या माशांचं दुकान. पण गोड्या पाण्यातले मासे विकून विकून कंटाळला होता. खाऱ्या पाण्याची टाकी त्यानंही आयुष्यात दोनदाच लावली होती. तुम्ही दोघं पन्नाशी उलटलेले बाप्ये, बादलीत मीठ ढवळत, काचेची नळी सोडून खार मोजत, पुन्हा चिमूटभर टाकत. मी जिन्यात उभी राहून बघायचे. इतकं हसताना मी तुला फार वर्षांनी पाहिलं होतं. हेही सांगायचं राहून गेलं. पण जे सांगायचं राहिलं त्यात हे फार खालच्या नंबरवर आहे.

समुद्रातले दगड आले, वाळू आली, आणि पाचव्या दिवशी पाणी पांढरं झालं. ताकासारखं. आतला दगड दिसेना. तू घाबरलास, धावत जाऊन अन्वरभाईला घेऊन आलास. त्यानं काचेला नाक लावलं आणि म्हणाला, "नवीन पाणी हाय, हुताच ऐसा. त्यात जिवाणू धरतेत. पहले धिंगाणा करते, फिर आपापल्या जागी बैठते. इसकू छेडने का नक्को. हात बी लावू नको, दिगू." तेवढंच. औषध नाही, पाणी बदलणं नाही, काही नाही. थांबायचं.

आणि तू थांबलास. तू, ज्याला कुकरची तिसरी शिट्टी होईपर्यंत दम नसायचा, तो रोज सकाळी चहा घेऊन त्या पांढऱ्या काचेसमोर स्टुलावर बसायचा. गल्लीतले लोक डोकावून जायचे. "काका, लोणी कधी येणार?" मीही सोडलं नाही. पंधरा दिवस झाल्यावर म्हणाले, "पाणी निवळत नसेल तर निवळवावं लागतं. हे सातवीतल्या पोरालाही कळतं." तू चहाचा घोट घेऊन, माझ्याकडे न बघता म्हणालास, "तुझ्या पुस्तकातलं पाणी येगळं, ताई. हितं थांबायचं असतंय."

ते मला लागलं. तीस वर्षं मी विज्ञान शिकवलं. तू ते सहज बोलून गेलास, पुढच्या क्षणी विसरलासही असशील. मी विसरले नाही. हे तुला आता कळायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच एका वाक्यातून झालं.

तू आणि रेखा वैजापूरला मामेबहिणीच्या मुलाच्या लग्नाला गेलात. माझा गुडघा, म्हणून मी मागं राहिले. दुपारी वरच्या मजल्यावरच्या माझ्या खोलीतून पिण्याच्या पिंपातलं पाणी काढायला खाली आले. पिंपाच्या कडेला आपली तुरटी टांगलेली असते, फडक्यात बांधलेली, आईच्या काळापासून तशीच. टँकरचं पाणी आलं की तुरटी फिरवायची, तासभर शिवायचं नाही. या शहरात ज्या घरात पिंप आहे त्या घरात हे होतं, त्यात विचार करण्यासारखं काही नसतं. मी वर्गात काचेच्या चंबूत गढूळ पाणी घेऊन हाच प्रयोग करायचे. दहा वेळा फिरवा, मुलांनो. आता हात बाजूला. गाळ कसा खाली बसतो, बघा.

मी तुरटी सोडली आणि तुझ्या टाकीत फिरवली. टाकी मोठी, म्हणून दहा नाही, चाळीस वेळा. हात कोपरापर्यंत खारट झाला.

मला तुझं वाईट करायचं नव्हतं. पण अगदी खरं सांगायचं तर चांगलं करायचं होतं असंही नाही. मला बरोबर ठरायचं होतं.

आणि मी ठरले, दिगू. संध्याकाळपर्यंत गाळ खाली बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो रबरी नळीनं ओढून काढला. मागे वळून बघितलं तर टाकीत पाणी आहे की नाही, कळेना. दगडाचं एकेक भोक दिसत होतं. ऊन आत शिरून वाळूवर हलत होतं. मी कितीतरी वेळ तुझ्या स्टुलावर बसून राहिले. तू आल्यावर काय म्हणायचं, तेही ठरवून ठेवलं. "पुस्तकातलं पाणी आहे, बघून घे."

तू आलास तो पायातल्या चपलांसकट थेट त्या खोलीत गेलास. हातातली पिशवी तशीच. मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होते, वाक्य तोंडात तयार. तू वळलास आणि तुझ्या डोळ्यांत पाणी होतं. माझा हात धरून मला काचेपाशी ओढलंस. "ताई, बघ. म्हणलं व्हतं का नाय? थांबलं की निवळतंय."

आता मला सांग, मी काय करायला हवं होतं? तुझ्या तोंडावर, त्या क्षणी, मी ते बोलायला हवं होतं का? मला वाटलं, आजचा दिवस राहू दे. उद्या सांगू. "व्हय रे, निवळलं," मी म्हणाले. तेवढं एकच वाक्य मी तुझ्या बोलीत बोलले, आणि तेच खोटं होतं.

दुसऱ्या दिवशी मी उठायच्या आत तू अन्वरभाईकडे जाऊन दोन मासे घेऊन आलास. नारिंगी, अंगावर पांढरे पट्टे. अन्वरभाई आणखी थांब म्हणत होता, असं तू स्वतःच हसत सांगितलंस. "त्याला म्हणलं, पाणी तर येऊन बघ, काचंसारखं झालंया." त्यातला एक मासा सारखा काचेशी येऊन डोळे वटारायचा, म्हणून तू त्याचं नाव मास्तरीण ठेवलंस. दोन दिवस गल्लीभर सांगत फिरलास.

तिसऱ्या दिवशी सकाळी मास्तरीण आडवी तरंगत होती. दुसरा दुपारी गेला.

तू बाटलीत पाणी भरून अन्वरभाईकडे गेलास. तासाभरानं परत आलास तो तोंड उतरलेलं. मी विचारलं. तू म्हणालास, "काय नाय. भांडण झालं." कशावरून, विचारलं. "जाऊ दे. तुझ्या कामाचं नाय त्ये." रेखानं विचारलं, तिलाही तेच. आम्ही धरून चाललो की त्यानं आजारी मासे दिले, तू जाब विचारलास, तो उलट बोलला. तू तसं कधी म्हणाला नाहीस. आम्ही धरून चाललो, आणि मला ते सोयीचं होतं.

त्यानंतर सात महिने तू त्या गल्लीत पाय ठेवला नाहीस. चाळीस वर्षांची दोस्ती, आणि तू दुकानाचं शटर लावून लांबच्या रस्त्यानं घरी यायला लागलास. ईदला त्याच्याकडून डबा आला नाही. दिवाळीला रेखानं त्याच्यासाठी डबा भरला, तो चार दिवस ओट्यावर राहिला, मग आम्हीच खाल्ला. तू चकलीला हात लावला नाहीस.

आणि तो रविवार, मासे गेल्यावरचा पहिलाच. तू टाकी रिकामी करून दगड धूत बसला होतास, सगळं पहिल्यापासून करायचं म्हणून. मी भाजी निवडत होते. तू वर न बघता विचारलंस, "ताई, मला एक सांग. पंधरा दिवस जे पाणी निवळलं नाय, त्ये दोन दिवसांत एवढं कसं निवळलं असंल?"

दिगू, त्या प्रश्नावर मी गेले सतरा दिवस अडकले आहे. तुला खरंच माहीत नव्हतं म्हणून तू शिकलेल्या बहिणीला विचारलंस? की तुला माहीत होतं, आणि तू मला जागा करून देत होतास? तू दगड घासत होतास, तुझा चेहरा मला दिसत नव्हता. मी काय केलं? मी शिकवलं. जिवाणूंची वाढ, मग त्यांचं कमी होणं, समतोल. अन्वरभाईचीच विद्या, माझ्या वर्गातल्या आवाजात. तू सगळं ऐकून घेतलंस. शेवटी म्हणालास, "व्हय. तसंच असंल."

लाज वाटली म्हणून नाही सांगितलं. विज्ञानाच्या बाईनं हे केलं, हे गल्लीत कळलं असतं. शिवाय टाकीवरून मी एवढी भांडले होते की मी मुद्दाम मासे मारले असं तुला वाटलं असतं. असं मी स्वतःला समजावलं. पण तुला तसं वाटलं नसतं. तू चार शिव्या घातल्या असत्यास, रेखानं मधून बादली नेली असती, आणि संध्याकाळपर्यंत तू सगळ्या औरंगपुऱ्यात माझी टिंगल करत फिरला असतास. एवढंच झालं असतं.

तुला दारातून नेलं तेव्हा अन्वरभाई समोरच्या पायऱ्यांशी उभा होता, टोपी हातात. खांदा द्यायला पुढे आला नाही. कुणी बोलावलंही नाही. मी बघितलं आणि नजर फिरवली.

काल मी बाटलीत टाकीतलं पाणी भरलं आणि त्याच्या दुकानात गेले. त्याच्याशिवाय विचारणार कुणाला? तो उठून उभा राहिला, स्वतःचं स्टूल मला दिलं. बाटली घेतली, काचेची नळी सोडली. "खार चढला, ताई. पाणी उडताय, मीठ थोडीच उडताय? सादं पाणी डालो. आरओवालं. मिठाचं नक्को." मग दोन-तीन बाटल्यांतले थेंब टाकून उजेडात धरून बघितलं. पुन्हा बघितलं. "पाणी तो एकदम तय्यार हाय. मासे कामून नाय टाकले त्यानं?"

"त्याला खात्री नव्हती," मी म्हणाले.

"दोन महिनेसे तय्यार असंल ये पाणी," तो म्हणाला. "कुणी देखनेवाला पाहिजे होता."

मी विचारलं, तुमचं भांडण कशावरून झालं होतं? तो म्हणाला, "रहने दो, ताई." मी उठले नाही. मग त्यानं दुकानातल्या माशांकडे बघत सांगितलं.

"त्यानं बाटली आणली. तळाला पांढरा चुरा बसलेला. आपल्या पिंपात बैठता ना, वैसा. मी इतकंच बोल्या, दिगू, घरात कुणी तुरटी फिरवली का? तुरटीनं पाणी साफ दिसताय, पन मासे मरतेत. बस. तो भडक्या. बोल्या, घरात माझी ताई हाय. तीस साल सायन्स शिकवलंय तिनं. ती खाऱ्या पाण्यात तुरटी फिरवंल व्हय? मी बोल्या, पूछ तर खरं एक बार. तर बोल्या, माझ्या बहिणीला अडाणी समजतो का? मरतुकडे मासे दिले आन् घरच्या बायांवर ढकलतो. फिर मैं बी बोल्या कुछ. बोलायला नक्को होतं."

दुकानात सगळ्या टाक्यांचे पंप एकदम वाजत होते. मी म्हणाले, "अन्वरभाई, मीच फिरवली होती."

त्यानं बाटलीचं झाकण लावलं, घट्ट केलं, पुन्हा सैल करून घट्ट केलं. चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. "उसकू बोलना था ना, ताई," तो म्हणाला. "एक बार बोलना था." मग बाटली कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली, आणि गल्लीच्या तोंडापर्यंत मला सोडायला आला. माझा गुडघा दुखतो, हे त्याच्या लक्षात होतं.

आज सकाळी मी चार बोटं साधं पाणी घातलं. हळूहळू, तांब्यानं. गाळताना तीन बादल्या वाया गेल्या, रेखानं त्या मुकाट्यानं उचलल्या. तिलाही सगळं सांगितलं. तिनं आज माझी भाकरी झाकून ठेवली आणि एकटी जेवली. ते मला मिळायलाच हवं होतं. टाकीत दगड आहेत, वाळू आहे, पाणी तू आपल्या आपण निवळू दिलेलं, कुणीही हात न लावता, सात महिने थांबून. ते त्या दिवसाच्या माझ्या पाण्यापेक्षा जास्त स्वच्छ आहे. मी शेजारी उभी राहून बघितलं, तुझ्या स्टुलावर बसले नाही.

तुझ्यावरचा माझा राग गेलेला नाही, दिगू. तू मला एवढं मोठं का समजलास? कुणी सांगितलं होतं? घरी येऊन एकदा विचारायचं होतंस, ताई, तुरटी फिरवली का, एवढंच. असल्या सरळ प्रश्नाला मी खोटं बोलले नसते, निदान तसं मला वाटून घेता आलं असतं. तू माझ्यासाठी चाळीस वर्षांच्या दोस्ताशी भांडलास आणि घरी येऊन म्हणालास, तुझ्या कामाचं नाय.

ते माझ्याच कामाचं होतं. तू भलत्याच माणसाशी भांडलास. मी वरच्या मजल्यावरच होते.